मानडोल देशाचा कारभार

घ्या, घ्या, भिंतीचा फोटो घ्या — लाजताय काय साहेब — फक्त दोन पावलं मागं सरा, उभे राहिलात तिथून सगळेपूर येणार न्हाय फोटोत, पार कोपऱ्यात हाय ते, ओल येते ना तिकडं, अर्धं सगळेपूर पोपडे धरून बसलंय. आणखी जरा — सांभाळून! मागं पातेलं हाय. लागलं? न्हाय ना? पँटला हळद लागली थोडी, खिचडीची, राहू दे, घरी कोणी विचारलं तर सांगा शाळा तपासायला गेलो होतो, हा पुरावा. बसा त्या बाकड्यावर. मुलांचं हाय, तुम्हाला बुटकं पडेल, पण गुडघे दुमडले की मावतं माणूस.

बाई? बाई न्हाईत. शनिवार हाय ना, सकाळची शाळा, अकराला सुटली, बाई घरी गेल्या, मुलं घरी गेली, राहिले मी आणि ही पातेली. तुम्ही पंचायत समितीतनं आलात आणि तुम्हाला शनिवार ठाऊक न्हाय व्हय? का मुद्दाम सगळे गेल्यावर आलात? न्हाय, न्हाय, गंमत केली, रागावू नका. मी धोंडूबाई. खिचडी शिजवते इथं, अकरा वर्षं झाली. सगळी शाळा मावशी बोलते, तुम्ही पण बोला, माझा विनेश तुमच्याच वयाचा असेल — तो पण असाच, बस बोललं की आधी रुमालानं बाकडं पुसतो. पुसा, पुसा. मी सकाळीच पुसलंय, पण तुमचं समाधान.

चौकशी ना? मला ठाऊक हाय. त्या फायलीत काय हाय ते पण ठाऊक हाय. आणि चौकशी करायची तर माझ्याशीच बोलायला पाहिजे, कारण ही भिंत माझी. बाकी शाळेच्या भिंतींवर जागाच उरली न्हाय — एकीवर पाढे, एकीवर सुविचार, एकीवर हात कसे धुवायचे त्याची सात चित्रं, मुतारीच्या भिंतीवर सुद्धा पाणी वाचवा लिहिलंय, आणि तिथं पाणीच येत न्हाय. राहिली काय ती माझ्या शेगडीमागची. मंग प्राप्ती बाईंनी विचारलं, मावशी, इथं आमचं जग काढू का? मी बोलले काढा, तेवढीच सोबत. तेव्हापासून मी ढवळते आणि जग बघते. कुठल्या देशात काय चालतं हे आता मी झोपेत सांगेन.

ते सहावी-सातवीच्या नागरिकशास्त्रातनं निघालं सगळं. राज्य कोणकोणत्या प्रकारची असतात — तुम्ही शिकला असाल, शिकून विसरला असाल. मुलं नुसती जांभया देत होती. मंग बाई बोलल्या पुस्तक मिटा, एका बाकड्यावरच्या मुलांनी एक देश करायचा, नाव तुम्ही द्या, राज्य कोण करणार तुम्ही ठरवा. झाले पाच देश. आणि पाचही देशांना एकच प्रश्न घातला — तुमच्या देशात समुद्रावर उतरायला पायऱ्या हव्यात, त्या कशा होतील, सांगा. एवढंच. ह्यात राजकारण कुठं हाय? तुम्ही लिहा की, प्रश्न पायऱ्यांचा होता.

आता हे बघा, उंचाबाद. डोंगरावर हाय म्हणून उंचाबाद. तिथं राजा. राजाचं नाव ढेरपोटे, त्याच्या बापाचं पण ढेरपोटे, मुलाचं पण ढेरपोटे — पोरं बोलली, नाणी परत पाडायला नकोत. तिथं पायऱ्या एका दिवसात होतात! व्हय! पण राजाची राणी घसरली तरच. दुसरं कोणी घसरलं तर राजाला कळतच न्हाय, तो वर असतो ना. त्याच्या खाली सगळेपूर. तिथं सगळ्यांनी मिळून सगळं ठरवायचं. मला आधी वाटलं हा देश बरा, आपण इथं राहायला जाऊ. मंग पुढं वाचलं — पायऱ्या बारा का तेरा ह्यावर चार महिने सभा चालली, तेरा अशुभ बोलणारे एका बाजूला, बारावर शेवटची पायरी पाण्यात जाते बोलणारे दुसऱ्या बाजूला, तोवर भरती आली आणि सभेचा मंडपच वाहून गेला. हसताय! हसा, चौकशीत हसू नये असा काय नियम न्हाय.

हा शिस्तगड. तिथं सेनापती. शिट्टी वाजली की उठायचं, शिट्टी वाजली की जेवायचं. पायऱ्या बांधल्याच न्हाईत — हुकूम काढला, आजपासून कोणी घसरणार न्हाय! आणि हे चिठ्ठीनगर, हे माझं आवडतं. तिथं वर्षाला एकदा मडक्यात सगळ्यांची नावं टाकायची आणि एक चिठ्ठी काढायची, निघेल तो राज्य करणार. एका वर्षी न्हावी निघाला, त्यानं सगळ्यांचे केस मोफत कापले. एका वर्षी म्हशीवाली निघाली, तिला वेळच न्हाय, ती बोलली मला दूध घालायला जायचंय, तुमचं तुम्ही बघा. पण पायऱ्या झाल्या हं तिथं! एका वर्षी कालवं काढणारी निघाली, खडकाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं. तिनं पहिल्या दिवशी पायऱ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी परत कालवं काढायला गेली. बास. मला लई पटला तो देश. तुमच्या पंचायत समितीत पण एक मडकं ठेवा की — न्हाय, तुमची नोकरी पक्की हाय, तुम्ही कशाला घाबरता.

हां. तो? तो काय न्हाय, तो डाग हाय. फोडणीचा. — वाचलंत व्हय? चष्मा चांगला हाय तुमचा. बरं, मंग वाचाच मोठ्यानं, न्हाय तर मीच वाचते, मला येतं वाचता, चौथी पास हाय मी आणि तेव्हाची चौथी. "देश: मानडोल. राजा: नाही. राणी: आहे, सहीपुरती. निवडणूक: असते, पण होत नाही. विरोध: नाही. पायऱ्या: नाहीत, कारण कोणी मागितल्या नाहीत." अक्षर बघा कसं, अमिषाचं हाय, छापल्यासारखं. ह्याच्यावरनंच रामायण ना सगळं? बाईंविरुद्धच्या अर्जात काय लिहिलंय — शिक्षिका कोवळ्या मनांवर राजकीय विष पेरत आहेत. विष! अहो त्या बाईंना मिरचीची फोडणी सोसत न्हाय, त्या विष कुठलं पेरतात.

आता ती टोपी गावाच्याच डोक्यावर बरोबर बसली त्याला बाई काय करणार? येताना कमान बघितलीत ना रस्त्यावर — "बिनविरोध गाव, आपले स्वागत आहे". दोनदा बिनविरोध झालो आम्ही. पेपरात फोटो आला. आणि कमळवहिनी सरपंच हायत, सही पण छान करतात, ख वर गाठ मारल्यासारखी — नावात ख न्हाय त्यांच्या, तरी मारतात. खुर्चीवर दिनानाथशेठ बसतात, त्यांचे मालक. वहिनींची पाठ दुखते ना, त्यांना खुर्ची सोसत न्हाय, असं शेठच सांगतात. वहिनी वाईट न्हाईत हं, तसं लिहू नका. मध्ये एकदा शाळेत झेंड्याला आल्या होत्या, ही भिंत बघून तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या — मागून शेठ आले तेव्हा गप्प झाल्या. मंग शेठनी वाचलं. ते काय हसले न्हाईत.

पण तुम्ही मला एक सांगा. बाई पालीच्या. काशीदला भाड्यानं राहतात, स्कूटीवरनं येतात-जातात, दोन वर्षं झाली फक्त. त्यांना काय ठाऊक गावात निवडणुकीच्या आधी देवळात कोण बसतं, एक नाव कसं ठरतं, बाकीच्यांचे अर्ज कसे मागे घेतात? त्यांना कोण सांगणार? विठोबा गुरुजी सांगणार? ते तर वर्गात पण हळू बोलतात. मुलांना काय ठाऊक, मुलं तेव्हा दुसरी-तिसरीत होती. मंग मानडोल आला कुठून, हे नको विचारायला? चौकशीला आलात, हळद बघत बसलात. विचारा की. — राहू दे, नका विचारू. ताक देऊ का? हिंग-मीठ घातलेलं, घरचं हाय.

घ्या. — काय झालं, पाचव्या बाकड्याच्या मुलींना देशच सुचत न्हवता. राजा दुसऱ्यांनी घेतला, शिट्टी दुसऱ्यांनी घेतली. ताटली घेऊन इथं आल्या रडवेल्या, मावशी तू सांग ना एक देश. आता मी काय देश बघितलेत? मुरूड बघितलंय, अलिबाग बघितलंय, एकदा पनवेलला डोळे तपासायला गेले. मी बोलले, असा एक देश करा जिथं कोण कोणाला न्हाय बोलतच न्हाय. त्या बोलल्या, मंग तो चांगला देश झाला ना? मी बोलले, व्हय, लई चांगला, सगळे मान डोलवतात. त्या बोलल्या, मंग तिथं पायऱ्या कशा होतात? आणि मी तेव्हा खिचडी वाढत होते, हातात डाव, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं.

काय निघून गेलं? काय न्हाय ओ. जुनी गोष्ट. — माझी जाऊ तुळशी, तिचं खुब्याचं हाड मोडलं खडपावर, समुद्राकाठच्या खडकांवर. आमच्यातल्या बायका ओहोटीला कालवं काढायला उतरतात तिथं, शेवाळ असतं, हातात कोयती आणि टोपली, धरायला काय न्हाय. तुळशी पडली ती दोन तास पडूनच होती, पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही चौघींनी उचलली. आता काठी घेऊन चालते, कालवं काढणं गेलं, माझ्या घरी बसून कोलंबी सोलते आणि मला शिव्या घालते. तिला मी बोलले होते, तुझ्या पायऱ्या मी आणते. आणि सरपंचपद निघालं बायकांना राखीव. मंग मी भरला अर्ज. व्हय! मी! हसू नका. आमचे हे भिकाजी, उभ्या जन्मात मला कधी काय विचारलं न्हाय त्यांनी, ते स्वतः झेरॉक्स काढून घेऊन आले. मला कपबशी पाहिजे होती चिन्ह. घराघरात असते, कोणाला समजावायला लागत न्हाय.

मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता, तीन वाजेपर्यंत. दिनानाथशेठ घरी आले गाडी घेऊन. कोणी धमकी दिली न्हाय हं, तसं लिहिलंत तर मीच बोलेन, हे खोटं हाय. इतकं गोड बोलले — मावशी, दोनदा — न्हाय, तेव्हा एकदाच झालेलं — मावशी, बिनविरोध गाव आपलं, तुमच्या एका अर्जापायी मतपेट्या येणार, पोलीस येणार, भाऊभाऊ बोलायचे बंद होणार, तुम्हाला चालेल? मागं दहा-बारा माणसं उभी, सगळी घरचीच, माझा दीर पण त्यात, तुळशीचा मालक! तो मान खाली घालून. मी बोलले, पायऱ्यांचं काय? शेठ बोलले, पायऱ्या झाल्या असं समजा. आणि मी समजले. गाडीत बसवून नेलं, वाटेत भजी खायला घातली, आणि पावणेतीनला मी सही केली. संध्याकाळी गुलाल उडाला, मला पण लावला. माघारीचा गुलाल कोणी बघितलाय का साहेब तुम्ही? मी आरशात बघितलाय.

पायऱ्या? कसल्या पायऱ्या! खडपाच्या वर, रस्त्याला लागून, आठ फुटी लाल बदाम उभा केलाय, रात्री लाईट लागते, पर्यटक त्यात उभे राहून फोटो काढतात. चांगला हाय, मी पण काढलाय एक. ग्रामसभेत एकदा मी विचारलं पायऱ्यांचं, तर शेठ बोलले, विषय पत्रिकेवर न्हाय, आणि मागणीचा अर्ज कोणाचाच न्हाय. खरंच न्हाय. मागणारीनं अर्ज मागे घेतला ना.

तर हे सगळं मी मुलींना सांगितलं, खिचडी वाढता वाढता. नावं न्हाय सांगितली. पण पोरं ती, त्यांनी लिहिलं, बाईंनी शुद्धलेखन तपासलं आणि रंग दिला. म्हणजे मानडोल मी वसवला, साहेब. बाईंनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. — लिहिताय काय? लिहा. आता निघालंच तोंडातनं तर लिहा. खिचडीचं काम कोणाच्या हातात असतं मला ठाऊक हाय, पुढच्या महिन्यात दुसरी कोणी ढवळत असेल इथं. तिला सांगा हळद थोडी कमी घाल, मी जास्त घालते.

बाईंची बदली होणार ना? खरं सांगा. सोमवारी खुलासा द्यायला बोलावलंय त्यांना अलिबागला, आणि अर्ज एकमताचा हाय, सगळ्या पालकांचा, सगळ्या ग्रामस्थांचा, मंग साहेब लोक काय करणार, गावच नको बोलतंय तर. असंच ना? एकमत दिसलं की तुम्हाला पण बरं वाटतं, काम सोपं होतं. किती सह्या? सत्तावीस. मोजल्या न्हाईत मी, मला ठाऊक हाय. — कसं ठाऊक म्हणजे? गावात सगळ्यांना ठाऊक. — न्हाय, मला काय ठाऊक त्यात काय लिहिलंय, कागद घरोघर फिरत होता, आमच्याकडं कागद आला की सही करायची पद्धत हाय, जत्रेची वर्गणी असो न्हाय तर काय...

अगं बाई, बघा कशी बोलून गेले.

सगळ्यात खालची बघा. धोंडूबाई भिकाजी. हां. तीच.

वाचला होता मी. मघाशी तुम्हाला बोलले ना वाचता येतं, मंग आता येत न्हाय कसं बोलू. दोनदा वाचला. विष शब्दावर बोट ठेवून वाचला. वर सव्वीस सह्या, अमिषाच्या बापाची पण, तुळशीच्या मालकाची पण. शेठचा माणूस दारात उभा, बोलला, मावशी, तुमच्यासाठीच थांबलंय गाव. आणि माझा हात गेला. कोणी धरला न्हाय, ढकलला न्हाय, आपोआप गेला, एवढी सवय झालीय. आणि दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या. त्यांना प्रत मिळाली होती, सगळ्या सह्यांची. मी इथं ढवळत होते, मान वर केली न्हाय. मला वाटलं बोलतील, ओरडतील, निदान जेवणार न्हाईत. त्या आल्या, ताटली घेतली, खाल्ली, आणि बोलल्या, मावशी, लोणचं हाय का थोडं? एवढंच. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली साहेब, गुलालाच्या दिवशी पण वाटली न्हवती तेवढी. आज आठ दिवस झाले त्याला.

ते जाऊ दे. फाईल उघडा. उघडा ओ, मी खात न्हाय कागद. ती माझी सही खोडा. — न्हाय? खोडता येत न्हाय? रेकॉर्डवर आली? बरं, बरोबर हाय तुमचं, खोडाखोड वाईट दिसते. मंग सहीच्या खाली जागा हाय की ही एवढी, सगळ्यात शेवटची असल्याचा एवढा फायदा. द्या पेन. द्या, हात पुसते पदराला. — थांबा, बोलू नका, मला लिहिताना कोणी बोललं की काना राहतो. "वरील अर्ज एकमताने नाही... माझा विरोध आहे... मानडोल देश मी सांगितला, बाईंनी नाही... खडपावर पायऱ्या पाहिजेत." — ते चौकशीचं न्हाय? नसू दे, कागद हातात हाय तर लिहून घेते, मागणीचा अर्ज न्हाय बोलत होते ना. "धोंडूबाई भिकाजी." आणि तारीख.

आता ह्याची पोच द्या मला. पोच, पोच! अर्ज घेतला की पोच द्यायला लागते, एवढं मला कळतं. कोरा कागद न्हाय? पाढ्यांच्या वहीतलं पान फाडते. हे घ्या. लिहा, मिळाला. मान काय हलवताय, सही करा. आणि खाली नाव लिहा, वाचता येईल असं.

बघू. हां, येतंय वाचता. आणा इकडं. ताक राहिलं की तुमचं — पिऊन टाका आणि निघा आता, मला पातेली घासायचीत. फाटकाची कडी लावून जा, गुरं आत शिरतात.